मल्लाच्या मिठींतून सुटका

चंद्रपूर जिल्ह्यांतील भद्रावती म्हणजे जुनें भांदक. विजासनच्या टेकडींतील बौद्ध लेणीं आणि भद्रनागाचें देऊळ यांमुळें हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु तेथील सामान्य माणसाला त्याहून जवळची वाटते ती एक कथा. जैमिनीच्या अश्वमेधांत भीमसेनानें यौवनाश्व राजाच्या भद्रावतींतून श्यामकर्ण घोडा आणल्याचें वर्णन आहे, आणि ती भद्रावती ती हीच, अशी तेथें श्रद्धा आहे. इतिहास या श्रद्धेविषयीं कांहींही म्हणो. भीमाचें नांव ज्या गांवाच्या कथेंत गुंफलें गेलें, त्या गांवाला मल्लविद्येचें कौतुक असल्यास नवल नाहीं.

कुस्तीच्या फडाभोंवतीं जमलेला समुदाय डाव पाहून माना डोलावतो, फेटे उडवतो, विजयी पठ्ठ्याला खांद्यावर घेतो. पण त्याच गर्दींत उभ्या असलेल्या एखाद्या कृश माणसाच्या मनांत एक निराळाच विचार येऊन जातो. हीच पकड उद्यां आपल्या मानेभोंवतीं पडली तर? फडांत पंच असतो, पायाखालीं मऊ केलेली माती असते, आणि पाठ टेकली कीं कुस्ती संपते. रात्रपाळी आटोपून माजरीच्या खाणीवरून सायकलीनें परतणाऱ्या कामगाराला, आठवड्याच्या बाजारांतून पैसे पदराच्या गांठीला बांधून निघालेल्या बाईला, अथवा शेवटच्या एस.टी.नें उतरून घराकडे चाललेल्या मुलीला तालमींत तयार झालेल्या हातांनीं वाटेंत धरलें, तर तेथें पंच कोठला आणि माती तरी कोठली? या प्रश्नाचा विचार भीतीनें करावयाचा नसून शास्त्र म्हणून करावयाचा आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मल्ल हा समाजाचा शत्रु नव्हे. ज्यानें वर्षानुवर्षें वस्तादाच्या नजरेखालीं जोर-बैठका काढल्या, ज्यानें शंभर वेळां अस्मान पाहिलें आणि शंभर वेळां समोरच्याचा हात धरून त्याला उठविलें, त्याच्या अंगीं बहुधा शांतपणाच अधिक असतो. भय असतें तें अर्धवट शिकलेल्याचें. चार डाव हाताशीं आले, संयम मात्र आला नाहीं, आणि त्यांत मद्याची भर पडली, म्हणजे विद्येचें शस्त्र होतें. अशा मनुष्यापासून बचाव कसा करावा, एवढाच येथें विषय आहे.

अशा प्रसंगीं सामान्य मनुष्याची पहिली चूक ही, कीं तो नकळत कुस्तीच करूं लागतो. समोरच्यानें ढकललें कीं तो उलट ढकलतो. समोरच्यानें कमरेस मिठी घातली कीं तोही मिठी घालतो. म्हणजे ज्या खेळांत समोरचा दहा वर्षें मुरला आहे, तोच खेळ हा त्या क्षणीं शिकावयास बसतो. कुस्तींत जिंकणें आणि पकडींतून सुटणें हीं दोन अगदीं भिन्न साध्यें आहेत. मल्लाला पाडावयाचें असतें. बचाव करणाऱ्याला घरीं पोंचावयाचें असतें. ज्याला हा भेद उमगला, त्याचें अर्धें काम झालें. कारण पाडणें अशिक्षितास जवळजवळ अशक्य असलें, तरी सुटणें अशक्य नाहीं.

मल्लाचें बळ नेमकें कशांत आहे, हें प्रथम पाहिलें पाहिजे. तें केवळ दंडांत नाहीं. सामान्य माणसाला दुसऱ्याचें शरीर अंगाला भिडलें कीं गोंधळ होतो, श्वास अडकतो, डोळे मिटतात. मल्लाला तेंच अंतर घरच्यासारखें असतें. समोरच्याचा तोल कोणत्या पायावर आहे, हें तो डोळ्यांनीं नव्हे तर छातीच्या आणि हाताच्या स्पर्शानें जाणतो. याच कारणानें नुसत्या ठोशांचा भरंवसाही फोल ठरतो. अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं १९९३ च्या नोव्हेंबरांत निरनिराळ्या युद्धकलांच्या जाणत्यांची जवळजवळ निर्बंधरहित अशी स्पर्धा झाली. तिच्यांत एक मुष्टियोद्धा होता, लाथांच्या युद्धांत निपुण असा एक डच योद्धा होता. पण विजयी झाला तो ब्राझिलचा सडपातळ बांध्याचा रॉईस ग्रेसी. तो अंतर तोडून अंगाला भिडे, जमिनीवर नेई आणि गळा किंवा सांधा पकडून समोरच्यास शरण आणी. पकडीची विद्या ज्यास मुळींच ठाऊक नाहीं, तो कितीही जोराचा ठोसा मारणारा असला तरी एकदां मिठींत सांपडला कीं असहाय होतो, हा धडा त्या दिवशीं जगानें पाहिला. पुढील वर्षांत ठोसे मारणारेही सावध झाले. पण ते सावध झाले म्हणजे त्यांनीं कुस्तीच जिंकावयास आरंभ केला असें नाहीं. पकड चुकविण्यास आणि पडल्यावर उठण्यास ते शिकले, आणि तेवढ्यानें पारडें बरेंच समतोल झालें.

तेव्हां बचावाची पहिली पायरी अंतराची. ताडोब्याच्या रानांतील चितळ वाघाशीं झुंजत नाहीं. तें त्याला दुरून ओळखतें, इशारा देतें आणि अंतर राखतें. वाघाच्या पंजांत सांपडल्यावर चितळाची कोणतीही विद्या चालत नाहीं. तिचा काळ त्यापूर्वींचा असतो. माणसाचेंही तसेंच आहे. मल्लास काम करण्यासाठीं हात पोंचेल इतकें जवळ यावें लागतें. संशयित मनुष्य बोलतां बोलतां जवळ सरकूं लागला, खांद्यावर मैत्रीचा हात टाकूं लागला किंवा मनगट धरूं लागला, तर तो क्षण संकोचाचा नव्हे. एक पाऊल मागें आणि एक पाऊल बाजूला टाकावें, दोन्ही हात छातीपुढें उघड्या तळव्यांनीं उचलावेत आणि मोठ्या आवाजांत ‘जवळ येऊं नका’ असें बजवावें. उघडे तळवे भांडण मागत नाहींत. आसपासच्या लोकांनाही ते साक्ष देतात. आणि पकड आलीच तर हात आधींच मधें असतात. पाठ भिंतीला लागूं देऊं नये. वाट ज्या दिशेस मोकळी असेल, त्या दिशेनें सरकत राहावें.

पट काढण्यासाठीं, म्हणजे पाय धरून पाडण्यासाठीं, मल्ल प्रथम कंबर आणि डोकें खालीं आणतो. ही खूण ओळखतां आली पाहिजे. त्या वेळीं उभ्यानें वांकून त्याच्या पाठीवर गुद्दे मारणें व्यर्थ होय. दोन्ही पाय एकदम मागें झटकून त्याच्या हातांच्या पलीकडे न्यावेत, कंबर खालीं दाबावी आणि छातीचें सारें वजन त्याच्या खांद्यांवर टाकावें. जो वर उचलणार होता त्यालाच ओझें वाहावें लागतें. मग हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग त्याच्या मानेच्या आणि खांद्याच्या सांध्यांत आडवा लावून त्याचें डोकें एका बाजूस सारावें, स्वतः दुसऱ्या बाजूस फिरावें आणि पळावें. येथें थांबून ‘आतां याला दाखवितों’ असा मोह झाला, कीं पुन्हां कुस्ती सुरू झाली असें समजावें.

या पायरीचें उत्तम शिक्षण महाराष्ट्राच्या मुलांना फार पूर्वींपासून एका खेळांत मिळत आलें आहे. तो खेळ हुतूतूचा. १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें जे देशी खेळ करून दाखविले, त्यांत हा खेळही होता. १९९० पासून आशियाई क्रीडास्पर्धांत त्यास स्थान आहे. चढाई करणाऱ्या गड्याची स्थिति पाहा. समोर सात जण, सारे पकडींत तरबेज; कोणी घोट्याला हात घालणार, कोणी कमरेला मिठी मारणार. या एकट्याला सातांना चीत करावयाचें नसतें. त्याला मधली रेघ गांठावयाची असते. म्हणून तो गुढघ्यांत वांकून चालतो, दोन्ही पाय एका रेषेंत आणीत नाहीं, एक पाय सांपडला तर पडतां पडतांही रेघेकडेच झेपावतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तोंडांत चाललेलें ‘हुतूतू’. मिठींत सांपडलेल्या मनुष्याचा श्वास भयानें अडकतो, आणि श्वास अडकला कीं बळ सरतें. हुतूतूचा गडी पकडींत असतांनाही श्वास सोडीत राहतो. ज्यानें लहानपणीं हा खेळ मनापासून खेळला, त्याला आत्मरक्षणाची बाराखडी आलेली असते. फक्त त्यास त्याची जाणीव नसते.

दुसरी पायरी पकड पडल्यानंतरची. मनगट धरलें असतां सरळ मागें ओढणें म्हणजे बळाशीं बळ लावणें होय. मुठींत एकच फट असते; अंगठा आणि बोटें जेथें भेटतात ती. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवावी, आपलें कोपर त्याच्या कोपराकडे न्यावें आणि हात अंगठ्याच्या बाजूनें झटक्यासरशीं काढावा. दोन्ही हातांनीं एक मनगट धरलें असेल, तर मोकळ्या हातानें आपलीच मूठ धरून दोन हातांचें बळ एका फटीवर आणावें. पुढून मिठी पडली तर कंबर मागें न्यावी. दोन शरीरांमध्यें वीतभर जागा झाली कीं उचलणें अवघड होतें. त्या जागेंत कोपरापासूनचे हात शिरवून त्याच्या हनुवटीला किंवा गळ्याच्या हाडाला टेकू द्यावा. मागून मिठी पडली तर पाय रुंद करून खालीं बसल्यागत वजन सोडावें, गुंतलेल्या बोटांवर दोन्ही हात नेऊन एकच हात सोडवावा आणि समोर वळावें. या साऱ्या क्रियांत एकच सूत्र आहे: पकडीच्या बलवान भागाशीं झगडूं नये, तिचा दुबळा भाग शोधावा, तेथें जागा करावी आणि त्या जागेंतून निघावें.

मान काखेंत सांपडणें हा सर्वांत भयंकर प्रसंग, आणि त्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासांतच आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट झाली. खान धिप्पाड आणि बलाढ्य. सभासदाच्या बखरींत जें वर्णन आहे त्यावरून, खानानें आलिंगनाच्या मिषानें महाराजांची मान काखेंत दाबली आणि हातांतील जमदाड कुशींत चालविली; अंगांतील कवचामुळें ती लागली नाहीं. महाराजांनीं डाव्या हातांतील वाघनख खानाच्या पोटांत चालविलें, उजव्या हातानें बिचव्याचा वार केला, मान हिसडून सोडविली आणि चौथऱ्याखालीं उडी घेतली. या प्रसंगाकडे शौर्याची कथा म्हणून सर्वच पाहतात. त्याकडे आत्मरक्षणाचा पाठ म्हणूनही पाहिलें पाहिजे. महाराजांनीं खानाशीं बळाची परीक्षा केली नाहीं. भेटीपूर्वींच घाताची शक्यता गृहीत धरून कवच घातलें होतें. पकड पडल्यावर मान प्रथमच उपटली नाहीं. आधीं पकड ढिली होईल असा उपाय केला, मग मान सोडविली, आणि मान सुटतांच तेथें क्षणभरही न थांबतां अंतर निर्माण केलें. पूर्वतयारी, पकड ढिली करणें, सुटणें आणि दूर होणें, हा क्रम जेथें मोडतो तेथें बचाव फसतो.

सामान्य नागरिकाजवळ वाघनख नसतें आणि नसावेंही. परंतु क्रम तोच राहतो. मान काखेंत गेली तर हनुवटी छातीकडे दाबून तोंड त्याच्या बरगड्यांकडे वळवावें, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. जवळच्या हातानें त्याचें मनगट खालीं ओढावें. दुसरा हात मागून त्याच्या कमरेला किंवा गुढघ्यामागें लावावा. पाठ वांकलेली ठेवूं नये; गुढघ्यांत बसून कणा ताठ करावा आणि त्याच्या पाठीकडे पाऊल टाकावें. मान सरळ मागें उपटण्यानें मात्र फांस अधिकच आवळतो. मागून गळ्याभोंवतीं हात पडला असेल तर एका क्षणाचाही उशीर करूं नये. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकदम दाबल्या गेल्या, तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. त्या वेळीं मागच्याच्या पायावर लाथ मारणें, केस ओढणें हे सर्व दुय्यम होय. दोन्ही हात प्रथम त्या आवळणाऱ्या हातावर गेले पाहिजेत, तो छातीकडे ओढला पाहिजे, हनुवटी त्याच्या मागें घातली पाहिजे. श्वास राहिला तर पुढचा विचार.

तिसरी पायरी जमिनीवरची. येथें कुस्तीची संवय आणि रस्त्याची गरज यांत पूर्ण विरोध आहे. फडांत पाठ टेकूं नये म्हणून मल्ल पालथा पडून मातीला बिलगतो. रस्त्यावर पालथें पडणें म्हणजे पाठ आणि मान शत्रूच्या स्वाधीन करणें होय. नुसतें बिलगून राहण्याचें फळ काय मिळतें, हें एका प्रसिद्ध सामन्यांत दिसलें. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडनमध्यें गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती झाली. गामाचें बळ कळतांच झिबिस्को जमिनीला चिकटून राहिला आणि सुमारें अडीच तास तसाच राहिला. कुस्ती अनिर्णीत ठरली. पुढील आठवड्यांत ती पुन्हां व्हावयाची होती, तिला तो आला नाहीं. १९२८ सालीं पतियाळा येथें दोघांची पुन्हां गांठ पडली, तेव्हां गामानें त्याला एका मिनिटाच्या आंत चीत केलें. झिबिस्को स्वतः जगांतील अग्रगण्य मल्लांपैकीं होता, म्हणून तो अडीच तास टिकला. आणि टिकला तरी सुटला नाहीं. पंच आणि नियम असल्यामुळें त्याला सामना बरोबरींत सोडवितां आला. रस्त्यावर बरोबरी नसते.

म्हणून पडणें आणि उठणें या दोन गोष्टी स्वतंत्रपणें शिकाव्या लागतात. पडतांना हनुवटी छातीला लावावी, म्हणजे डोक्याची मागची बाजू दगडावर आपटत नाहीं. हात ताठ करून टेकूं नये, नाहींतर मनगट किंवा कोपर निखळतें. खालीं पडल्यावर उताणें सपाट किंवा पालथें न राहतां कुशीवर यावें. वरचा गुढघा आणि कोपर मधें घालून त्याचें वजन अंगावर सरळ येऊं देऊं नये. पाय जमिनीवर रोवून कंबर उचलावी आणि त्याला ढकलण्याऐवजीं स्वतःच बाजूला सरकावें. मोठा दगड हलत नसला तरी त्याच्याखालचें पाणी वाट काढतें, तसा हा प्रकार आहे. अंतर मिळतांच एक हात मागें टेकावा, दुसरा चेहऱ्यापुढें ठेवावा, पाय अंगाखालून मागें ओढून उभें राहावें. उठतांना पाठ फिरवावयाची नाहीं. उभें राहिल्यावर, अंतर पडल्यावर, मगच फिरावयाचें.

येथें कांहीं लोकप्रिय भ्रमांचा निरास करणें अवश्य आहे. डोळ्यांत बोट घालावें, मर्मस्थानीं गुढघा मारावा, कडकडून चावा घ्यावा, म्हणजे कसलाही मल्ल सोडून देईल, असें सहज सांगितलें जातें. हे उपाय खोटे नाहींत. पण ते स्वयंपूर्णही नाहींत. ज्याचा तोल सांवरलेला आहे, ज्याचे हात मोकळे आहेत, त्याच्या हातून ते घडतात आणि पकड क्षणभर ढिली होते. जो आधींच पूर्ण जखडला गेला आहे, त्याच्या हातून ते नीट घडत नाहींत, आणि घडले तर वर बसलेल्याच्या हातीं तेच उपाय अधिक सोयीनें असतात. डेन्व्हरच्या त्या स्पर्धेंत अंतिम झुंजींत ग्रेसीच्या कानाला चावा घेण्यांत आला. तरी हरला तो चावा घेणाराच. चावा हा पकडीचा तोड नव्हे; पकडीचा तोड झाल्यावर, किंवा होत असतां, उपयोगी पडणारा तो एक धक्का आहे.

‘तोड’ हा शब्द आखाड्याचाच आहे आणि तो या विषयाचा प्राण आहे. आखाड्यांत डाव एकटा शिकविला जात नाहीं. डावाबरोबर त्याचा तोड शिकवितात. पटाचा तोड, ढाकेचा तोड, सवारीचा तोड. महाराष्ट्राची आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळींची या विद्येंतील कामगिरी मोठी आहे. बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा चालविणारे प्रोफेसर माणिकराव यांच्या व्यायाममंदिरांत कुस्ती, मल्लखांब, लाठी यांच्या जोडीला बिनोट आणि बंदेश हे प्रकार शिकविले जात. शस्त्रधाऱ्याला निःशस्त्र मनुष्यानें कसें आवरावें, हा त्यांचा विषय. त्याच बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांनीं संपादिलेला व्यायाम-ज्ञानकोश दहा खंडांत निघाला आणि वस्तादांच्या तोंडीं असलेली पुष्कळशी विद्या कागदावर आली. बंगालमध्यें रवींद्रनाथ ठाकूरांनीं १९२९ सालीं जपानहून ताकागाकी यांना शांतिनिकेतनांत बोलावून विद्यार्थ्यांना ज्यूदो शिकविण्याची व्यवस्था केली, आणि तेथें मुलीही तें शिकल्या. दुर्बळानें बलवानाच्या पकडींतून सुटावें, ही विद्या केवळ पैलवानांची मिरासदारी नव्हे, हें या उदाहरणांवरून दिसतें.

पण पुस्तक वाचून किंवा भाषण ऐकून ही विद्या अंगीं येत नाहीं. पोहणें जसें पाण्यांत, तसें सुटणें पकडींत शिकावें लागतें. ज्याला कधीं कोणी धरलेंच नाहीं, त्याला पहिली मिठी ही प्रलयासारखी वाटते; ज्याला पन्नास वेळां मित्रानें धरलें, त्याला ती केवळ एक अडचण वाटते. म्हणून तरुण मुलामुलींनीं दोन-तीन महिने तरी एखाद्या तालमींत, ज्यूदोच्या वर्गांत अथवा कबड्डीच्या मैदानावर काढावेत. प्रारंभीं जोडीदारानें हलक्या हातानें धरावें, मग अर्ध्या बळानें, शेवटीं पूर्ण बळानें. गळ्याच्या पकडीचा अभ्यास जाणत्याच्या देखरेखीवांचून करूं नये, आणि जोडीदारानें दोन वेळां थाप मारली कीं पकड तत्काळ सोडावी. ज्यांचें वय झालें आहे त्यांनीं सुटण्याच्या कसरती न करतां अंतर राखणें, आवाज देणें, सुरक्षित रीतीनें पडणें आणि उठणें एवढेंच घटवावें. उतारवयांत पडून हाड मोडण्याचें भय हल्लेखोराहूनही अधिक जवळचें असतें, आणि त्यालाही हाच अभ्यास उपयोगी पडतो.

मुलींच्या बाबतींत एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. पकडणारा पुष्कळदां अनोळखी नसतो. नात्यांतला, शेजारचा, ओळखीचा असतो, आणि पहिली पकड थट्टेच्या रूपानें येते. त्या वेळीं मुलीला सुटण्याची युक्ति ठाऊक नसते म्हणून नव्हे, तर ‘लोक काय म्हणतील’ या विचारानें तिचे हात लुळे पडतात. घरांतील वडील मंडळींनीं मुलीला एवढें निःसंदिग्धपणें सांगून ठेवलें पाहिजे कीं, नको असलेला हात झिडकारणें हा उद्धटपणा नव्हे, ओरडणें ही लाज नव्हे, आणि घरीं येऊन सांगितल्यावर तिलाच दोष दिला जाणार नाहीं. हें आश्वासन ज्या घरांत नाहीं, तेथील मुलीला दहा तोड शिकवूनही उपयोग थोडा.

कायदाही या बाबतींत नागरिकाच्या पाठीशीं आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेनें ९६ ते १०६ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्यायसंहितेंत तो ३४ ते ४४ या कलमांत आहे. मात्र त्याला मर्यादा आहे. बचावासाठीं जितकें अवश्य, त्याहून अधिक इजा करण्याचा अधिकार त्यांत नाहीं, आणि धोका टळल्यावर तो हक्कही संपतो. खालीं पडलेल्यावर सूड म्हणून केलेला प्रहार हा बचाव नव्हे. तेव्हां सुटतांच निघून जाणें, लोकांना हांक मारणें, ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळविणें, हेंच शास्त्रालाही धरून आहे आणि कायद्यालाही.

पळून जाण्यांत कमीपणा मानण्याची एक खोटी रीत समाजांत आहे. तिच्यामुळें कित्येक भले तरुण व्यर्थ जायबंदी होतात. मल्लाची प्रतिष्ठा फडांत राहण्यांत आहे. ज्याच्या घरीं वृद्ध आईबाप आणि लहान मुलें वाट पाहत आहेत, त्याची प्रतिष्ठा त्यांच्यापर्यंत धडपणें पोंचण्यांत आहे. जो अंतर राखतो, सांपडल्यास श्वास राखतो, जागा करून निघतो आणि निघाल्यावर मागें फिरत नाहीं, त्यानें मल्लाला हरविलें असें कोणी म्हणणार नाहीं. पण मल्लही त्याला हरवूं शकला नाहीं, आणि त्या प्रसंगीं तेवढेंच पुरेसें असतें.